समोरची गाडी आणि घरची माणसे

आमच्या नोव्हाय गावाच्या नावाची एक आख्यायिका आहे. डेट्रॉइटहून पश्चिमेकडे जाणाऱ्या ग्रँड रिव्हरच्या जुन्या वाटेवर घोडागाड्यांचे थांबे होते आणि त्यांतला हा सहावा थांबा. इंग्रजी ‘नंबर’ची ‘एन् ओ’ ही दोन अक्षरे आणि रोमन सहाची ‘व्ही आय’ ही दोन, मिळून झाले नोव्हाय! नाव १८३२ सालचे आहे, पक्की वाट नंतर झाली, तेव्हा ही गोष्ट खरी नसावी असे जाणकार सांगतात. मला मात्र ती आवडते. कारण इथे राहणारे आपण बहुतेक जण रोज सकाळी गाडी काढतो आणि वाटेलाच लागतो. कुणी डिअरबॉर्नला, कुणी वॉरनला, कुणी ऑबर्न हिल्सला, कुणी अॅन आर्बरला. मी पश्चिमेला, लॅन्सिंगच्या बाजूला. एका दिशेने पन्नास-पंचावन्न मैल, गेली एकोणीस वर्षे.

स्मरणिकेच्या संपादकांनी मला सांगितले, “डॉक्टर, रोजच्या लांबच्या प्रवासाचा ताण कसा सांभाळावा यावर चार शब्द लिहा. सगळ्यांच्या उपयोगाचे होईल.” मी लेखक नव्हे. प्रिस्क्रिप्शनपलीकडे फारसे काही लिहिलेले नाही, आणि तेही कुणाला वाचता येत नाही! पण विचार करू लागलो तेव्हा जाणवले की, हा विषय केवळ रक्तदाबाचा आणि पाठदुखीचा नाही. त्याच्या आत एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. रस्त्यावर साठलेला राग शेवटी कोणाच्या पदरात पडतो? आणि तो त्यांच्या पदरात टाकण्याचा आपल्याला काय अधिकार?

आधी डॉक्टर म्हणून जे सांगायचे ते सांगतो. समोर अचानक ब्रेकचे लाल दिवे लागले की शरीर आपल्याला न विचारताच तयारीला लागते. अॅड्रिनलिन वाढते, नाडी जलद होते, स्नायू ताठरतात, रक्तात साखर सोडली जाते. वाघापासून पळण्यासाठी ही सारी सिद्धता आहे. पण गाडीत आपण पळत नाही, बसून राहतो. तयारी झालेली असते आणि कामगिरी होत नाही, आणि हे तासाभरात दहा वेळा घडते. टेक्सासमधल्या ४,२९७ नोकरदारांचा एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचा प्रवास लांबचा, त्यांची शारीरिक क्षमता कमी आणि कंबरेचा घेर व रक्तदाब जास्त, असे त्यात आढळले. जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरातल्या हृदयविकाराच्या ६९१ रुग्णांचा अभ्यास २००४ सालचा. वाहतुकीत वेळ घालवल्यानंतरच्या तासाभरात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका जवळजवळ तिप्पट दिसला. त्यात धुराचा वाटा किती आणि ताणाचा किती हे वेगळे काढणे अवघड आहे. पण दोन्ही एकाच रस्त्यावर भेटतात एवढे खरे.

या अभ्यासांपेक्षा मला अधिक अस्वस्थ करणारा अभ्यास निराळा आहे. कॅलिफोर्नियातले मानसशास्त्रज्ञ रेमंड नोव्हाको आणि त्यांचे सहकारी यांनी १९९१ साली तो प्रसिद्ध केला. रोजच्या प्रवासात माणसाला जे अडथळे जाणवतात, त्यांचा संबंध त्याच्या संध्याकाळच्या घरातल्या मनःस्थितीशी लागतो, असे त्यांना दिसले. म्हणजे प्रवास गॅरेजमध्ये संपत नाही. तो आपल्याबरोबर स्वयंपाकघरात येतो, जेवणाच्या टेबलाशी बसतो.

माझ्या घरी हे कळायला मला बरीच वर्षे लागली. मुलगी कॉलेजात गेल्यावर एकदा सहज हसत म्हणाली, “बाबा, गॅरेजचं दार वर जायचा आवाज आला की मी टीव्ही बंद करून वर जायचे. आधी आई खाली बघून सांगायची, आज कसा दिवस आहे ते.” मी कधी कुणावर हात उगारला नाही की शिवी दिली नाही. फक्त बूट जरा जोरात काढत असेन, भाजीत मीठ कमी म्हणत असेन, गृहपाठ दाखवायला आलेल्या मुलीला “नंतर” म्हणत असेन. तेवढेही घराला पुरे होते.

आता मुख्य गोष्ट सांगतो. ती सांगावी की नाही यावर पुष्कळ विचार केला.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, डोंबिवलीला राहत. फोर्टमधल्या एका कार्यालयात त्यांनी चौतीस वर्षे नोकरी केली. डोंबिवली ते व्ही.टी. ४८ किलोमीटर. व्ही.टी.चे १९९६ साली छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले, २०१७ साली त्यात ‘महाराज’ आले, पण अण्णांच्या तोंडी अखेरपर्यंत व्ही.टी.च राहिले. सकाळची आठ सातची लोकल, ठरलेला डबा, ठरलेली माणसे. एका कोपऱ्यात झांजा घेऊन भजन, दुसऱ्या कोपऱ्यात ब्रीफकेसवर पत्ते. दसऱ्याला डब्याला झेंडूची तोरणे. तीन जणांच्या बाकावर चौथा माणूस अर्धा बाहेर लटकत ‘चौथी सीट’ म्हणून बसायचा, आणि ठाण्यापुढे कुणीतरी उठून त्याला नीट बसायला द्यायचा.

मी लोकलचे गोडवे गात नाही. मेडिकल कॉलेजात असताना मीही तीच लोकल धरत होतो, आणि कॅज्युअल्टीत रुळांवरून आणलेली माणसे मी पाहिली आहेत. आजही मुंबईच्या उपनगरी मार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे जिवाला मुकतात. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ, अण्णांच्याच मार्गावर, शेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांतली माणसे घासून खाली पडली. तेव्हा ‘आमच्या वेळची लोकल’ म्हणून डोळे पुसण्यात अर्थ नाही. तरी त्या डब्यात एक गोष्ट होती, जी माझ्या गाडीत नाही. तिच्याकडे मी नंतर येतो.

निवृत्तीनंतर अण्णांचा एक नेम होता. मी इथे सकाळी सातला निघालो की तिथे दुपारचे साडेचार, त्यांची चहाची वेळ. कप हातात घेऊन ते फोन लावत. “निघालास का रे? आज किती वेळ लागेल?” हा पहिला प्रश्न. चौतीस वर्षे लोकलने जाणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या प्रवासाची चौकशी करावीशी वाटणारच. मग डोंबिवलीच्या बातम्या, भाजीचे भाव, सोसायटीतली भांडणे. गाडीच्या स्पीकरवर त्यांचा आवाज भरून राही.

२०२२ सालच्या शरद ऋतूतली एक सकाळ. मिशिगनमध्ये दोनच ऋतू, एक हिवाळा आणि दुसरा रस्तादुरुस्तीचा, असे इथले लोक गमतीने म्हणतात. त्या दिवशी कामासाठी एक लेन बंद होती. दीड मैल आधीपासून पाट्या लागलेल्या. आम्ही सारी सभ्य माणसे कधीच एका लेनमध्ये रांगेने उभी. आणि शेजारच्या मोकळ्या लेनमधून एक काळा पिकअप ट्रक सुसाट पुढे आला आणि नेमका माझ्यापुढे घुसू लागला. मी गाडी पुढच्या गाडीला जवळजवळ टेकवली. घुसू द्यायचेच नाही! हॉर्नवर हात दाबून धरला आणि ओरडलो, “नालायक! अक्कल नाही का? थोडं थांबता येत नाही?”

शिवी मातृभाषेतच येते. एकोणीस वर्षे या रस्त्यावर, पंचवीसहून अधिक वर्षे या देशात, दिवसभर इंग्रजी बोलतो, पण चिडलो की मराठी.

स्पीकरवर शांतता झाली. मग अण्णा म्हणाले, “बरं, बरं. ठेवतो.” फोन बंद झाला.

ट्रक अखेर घुसलाच. मी वेळेवर पोहोचलो. संध्याकाळपर्यंत सारे विसरलो.

अण्णांचा सकाळचा फोन त्यानंतर आला नाही. रविवारी घरी फोन करून ते हिच्याशी बोलत. मी कामात असेन असे सांगत. मलाही त्यात विशेष वाटले नाही; खरे सांगायचे तर सकाळची थोडी शांतता मिळाली असे वाटले. तीन आठवड्यांनी रात्री त्यांना धाप लागली, आडवे होता येईना, आणि शेजाऱ्यांनी त्यांना रुग्णालयात नेले. हृदय थकले होते, फुप्फुसांत पाणी झाले होते. मी मिळेल त्या विमानाने गेलो.

औषधांनी ते सावरले. चौथ्या दिवशी उशाला बसलो असताना मी डॉक्टरी चौकशी करू लागलो. पायाला सूज कधीपासून होती? ते म्हणाले, “तुला सांगितलं होतं ना. संध्याकाळी चपला घट्ट होतात हल्ली, म्हणून. तू चिडलास. म्हटलं, रोज रोज म्हाताऱ्याची रडगाणी कोण ऐकणार.”

मला आठवेना. मग आठवले. ट्रक घुसत होता तेव्हा स्पीकरवर चपलांविषयी काहीतरी चालले होते.

मी रोज वीस रुग्णांना विचारतो, संध्याकाळी बूट घट्ट होतात का? रात्री एका उशीवर झोप लागते का? हे माझ्या व्यवसायातले अगदी पहिल्या इयत्तेतले प्रश्न. ज्याने न विचारता उत्तर दिले, तो माझा बाप होता, आणि त्या क्षणी मी एका ट्रकला अडवण्यात गुंतलो होतो.

मी अण्णांना सारे सांगितले. ते शब्द त्यांना नव्हते, ट्रकवाल्याला होते. ते थोडे हसले. म्हणाले, “त्याला ऐकू गेलं का?” काचा बंद होत्या, मी म्हणालो. “मग ते मलाच झाले की रे.”

आणि थोड्या वेळाने म्हणाले, “आमच्याकडे काय भांडणं नव्हती? मारामाऱ्या व्हायच्या. पण डब्यातलं भांडण डब्यात ठेवून उतरायचं. पास तेवढा खिशातून घरी आणायचा.”

अण्णा पुढच्या वर्षी गेले, पंच्याऐंशीव्या वर्षी. ते तीन आठवडे आधी कळले असते तर काय फरक पडला असता? डॉक्टर म्हणून सांगतो, कदाचित फार नाही. एक रुग्णालयाची फेरी वाचली असती, एक भयंकर रात्र वाचली असती. पण हा वैद्यकाचा हिशेब झाला. दुसरा हिशेब वेगळा आहे, आणि तो असा: मी शिक्षा देत होतो एकाला, आणि ती भोगली दुसऱ्याने. तोही असा की, ज्याने आयुष्यभर माझा कधी अपराध केला नाही.

त्यानंतर मी या रागाचा जरा पद्धतशीर विचार केला. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात क्रोधाची एक साखळी सांगितली आहे, ती आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. विषयाचे चिंतन, त्यातून आसक्ती, आसक्तीतून इच्छा, इच्छेतून क्रोध, क्रोधातून मोह, मोहातून स्मृतीचा नाश आणि त्यातून बुद्धीचा नाश. लहानपणी पाठ केले तेव्हा ‘विषय’ म्हणजे काहीतरी मोठे पाप असावे असे वाटे. माझा विषय होता आठ वाजण्याला पाच मिनिटे कमी असताना पार्किंगमध्ये पोहोचणे! एवढ्याशा गोष्टीवर आसक्ती बसली आणि पुढची साखळी घड्याळासारखी फिरली. आणि स्मृतीचा नाश म्हणजे काय तेही कळले. मी डॉक्टर आहे हे विसरलो. फोनवर अण्णा आहेत हे विसरलो.

इथे कुणी म्हणेल, पण डॉक्टर, तो ट्रकवाला चुकलाच ना? अन्यायाची चीड नको का? मलाही तसेच वाटत होते. नंतर कळले की, गर्दीच्या वेळी दोन्ही लेन शेवटपर्यंत वापराव्यात आणि अगदी टोकाला आळीपाळीने, पँटच्या चेनचे दात एकमेकांत बसतात तसे, एकात एक मिसळावे, असाच सल्ला वाहतूक अभियंते देतात. म्हणजे ज्याला मी चोर ठरवले, तो कदाचित नियमाला धरूनच वागत होता आणि घुसू न देणारा मी चुकत होतो. धर्माच्या बाजूने लढतो आहोत असे वाटणे आणि खरोखर धर्माच्या बाजूला असणे यांत किती अंतर असू शकते! एखादा खरोखरच बेफाम, दारू पिऊन चालवत असेल तर सुरक्षित जागी थांबून पोलिसांना कळवावे, ते कर्तव्यच आहे. पण त्याला हॉर्नची शिक्षा देण्याचे काम कुणी माझ्याकडे सोपवलेले नाही.

आता डब्यातली ती गोष्ट, जी गाडीत नाही. डब्यात अंगाला अंग घासते, घाम असतो, पाय तुडवला जातो. पण तिथे माणसाला हाक मारता येते. “दादा, दादरला उतरायचंय का?” “काका, जरा सरकता?” “ताई, पिशवी द्या, वर ठेवतो.” भांडायचे तरी समोरच्याला ‘अहो’ म्हणूनच सुरुवात करावी लागते. आळंदीहून पंढरपूरला पायी जाणारी वारी आठवा. अडीचशे किलोमीटरांची चाल, लाखो माणसांची गर्दी. पुढे जायचे असेल तर वारकरी एकच शब्द म्हणतो, “माऊली”. समोरचा कोण, कुठला, माहीत नसते. त्याला आई म्हणूनच वाट मागायची.

आमच्या महामार्गावर हाक नाही. काचा बंद, चेहरा दिसत नाही, दिसतो तो बंपर. बोलायला हॉर्न तेवढा, आणि ‘माफ करा’, ‘जरा जाऊ द्या’, ‘मर मेल्या’ या साऱ्यांचा आवाज एकच. म्हणून समोरचा हळूहळू माणूस राहत नाही, अडथळा होतो. आणि हेच मला ताणाचे मूळ वाटते. पन्नास मैलांचा थकवा दोन तास झोप घेतली की जातो. तासभर शेकडो माणसांना अडथळे म्हणून पाहण्याची सवय मात्र घरी येते, आणि मग बायको काहीतरी विचारते तेही मध्ये आल्यासारखे वाटते, मुलगी वही घेऊन येते तीही मध्ये आल्यासारखी वाटते. बाप चपलांविषयी सांगतो तेही.

रोमन काळातला एपिक्टेटस नावाचा तत्त्वज्ञ, जो जन्माने गुलाम होता, त्याने सार्वजनिक स्नानगृहाचे उदाहरण दिले आहे. तिथे जायला निघताना आधीच मनाशी म्हणावे की तिथे पाणी उडवणारे, ढकलणारे, शिव्या देणारे भेटतील. मला स्नानही करायचे आहे आणि माझे मनही जागेवर ठेवायचे आहे. दोन हजार वर्षांपूर्वीची स्नानगृहे गेली, आता त्यांच्या जागी आय-९६ आली, एवढाच फरक! मी निघतो ते पोहोचण्यासाठी, पण त्याचबरोबर धड माणूस म्हणून पोहोचण्यासाठी. यांतले दुसरे काम पहिल्यापेक्षा कमी महत्त्वाचे नाही.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल केली पाहिजे. हा प्रवास माझ्यावर कुणी लादलेला नाही. अण्णांना फोर्टात घर परवडत नव्हते, म्हणून ते डोंबिवलीहून जात. मी नोव्हायमध्ये राहतो ते इथल्या शाळांसाठी, आपल्या माणसांसाठी, मोठ्या घरासाठी. कामाजवळ घर घेता आले असते. फ्राय आणि स्टुट्झर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतल्या आकडेवारीवरून २००८ साली दाखवले की, लांबच्या प्रवासाची भरपाई चांगल्या घराने किंवा पगाराने पूर्ण होईल असे आपण धरतो, पण समाधानाच्या मोजमापात ती होत नाही. पूर्वी मी घरी म्हणत असे, “हे सगळं तुमच्यासाठीच करतो ना!” आता म्हणत नाही. सौदा मी केला, त्याची किंमतही मीच मोजली पाहिजे. ज्यांच्यासाठी म्हणून आपण हा प्रवास करतो, त्यांच्याकडूनच त्याची वसुली करणे हा सरळसरळ अन्याय आहे.

तर आता संपादकांनी मागितलेले चार शब्द. मी स्वतः जे करतो तेवढेच सांगतो.

पंधरा मिनिटे आधी निघतो. ही पंधरा मिनिटे माझी नाहीत, ती वाटेतल्या इतरांसाठी काढून ठेवलेली आहेत. कुणी पुढे घुसला तर त्यातली अर्धी मिनिट त्याला द्यायची. रोज शिल्लकच उरते. रोज निदान एका गाडीला आपणहून पुढे जाऊ देतो आणि हात वर करतो. काचेतून दिसेल एवढीच ती ‘माऊली’.

गाडी चालवताना जवळच्या माणसांशी फोनवर बोलत नाही. हात मोकळे असले तरी मन मोकळे नसते. बोलायचे तर निघण्यापूर्वी पार्किंगमध्ये दहा मिनिटे, इंजिन बंद करून.

संध्याकाळी गॅरेजमध्ये शिरण्याआधी घराजवळच्या रस्त्याकडेला दोन-तीन मिनिटे थांबतो. श्वास घ्यायला जितका वेळ, त्याच्या दुप्पट वेळ सोडायला, असे दहा श्वास. लांब उच्छ्वासाने नाडी मंदावते, हे शरीरशास्त्र आहे. आणि एक प्रश्न स्वतःला विचारतो: बरोबर काय काय आणले आहे? जे घरातल्या कुणाचे नाही ते तिथेच सोडायचे. शक्य असेल त्यांनी आठवड्यातून एखादा दिवस घरून काम करावे, सोबतीने जावे, पोहोचल्यावर वीस मिनिटे चालावे. छातीत दुखणे, धाप, वाढता रक्तदाब हे ‘ट्रॅफिकमुळे’ म्हणून अंगावर काढू नये.

हे रोज जमते का? नाही. गेल्याच महिन्यात विक्सम रोडच्या एक्झिटपाशी माझा हात हॉर्नवर गेला होता. पण आता काचेआड शब्द उच्चारला की तो डोंबिवलीला ऐकू जातो असे वाटते, आणि हात आपोआप मागे येतो.

आपल्यापैकी पुष्कळांच्या गाडीत डॅशबोर्डवर छोटा गणपती असतो. प्रवासातली विघ्ने दूर कर म्हणून आपण त्याला बसवतो. एकदा नीट पाहा. त्याचे तोंड रस्त्याकडे नसते, आपल्याकडे असते.

सर्वांना गणेशोत्सवाच्या शुभेच्छा. गाडी सावकाश चालवा, आणि पोहोचल्यावर घरी एक फोन जरूर करा.